फाटकाबाहेर गूळपाणी

बंदुकीचं तोंड माझ्या गळ्यातल्या चांदीच्या डबीला लागलं आणि टक् असा आवाज झाला. आम्ही लिंगायत. आमचा देव डबीत घालून गळ्यात बांधलेला असतो. बंदूकवाल्याला ते ठाऊक नसणार. डबीत काहीतरी लपवलंय असं त्याला वाटलं असेल.

माझ्या दोन्ही हातांत ताट होतं. ताटात आठ पेले पाणी आणि एका वाटीत गूळ. पाणी सांडत होतं. समोर सात माणसं, सगळ्यांकडं बंदुका. पाठीमागं लोखंडी फाटक, आणि फाटकाच्या आत माझा मुलगा शिवानंद. तो त्या देशात भारताचा राजदूत होता.

शिवा अगदी हळू आवाजात म्हणाला, "अव्वा, आत ये."

जन्मात त्यानं मला कधी हुकूम केला नव्हता. तरी मी आत गेले नाही. आमच्या महिला मंडळातल्या बायका गेली कित्येक वर्षं विचारतात, आफ्रिकेत काय झालं ते एकदा लिहून काढा की. तर लिहिते. देशाचं नाव मात्र घालत नाही. शिवा म्हणाला, तिथली माणसं अजून तिथंच राहतात. त्याचं ऐकते. दोन हजार साल उजाडायला तेव्हा दोन-तीन वर्षं होती.

हातकणंगल्याहून

माझी शाळा चौथीपर्यंत. शिवाचे वडील कोल्हापूरच्या बाजारात गुळाचे अडते होते. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी, आणि मधे हे. दोन्हीकडची माणसं आमच्या हातकणंगल्याच्या घरी येत, पुष्कळदा भांडायलाच येत. हे कोणालाही आधी खाली बसवत आणि आत हाक मारत. मी पाणी आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर जायची, माझा पदर धरून शिवा. पाणी पिऊन पेला खाली ठेवेपर्यंत कामाचं बोलायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. पाणी पिऊन झाल्यावर माणूस भांडायचाच, पण खालच्या पट्टीत.

शिवा शिकला, दिल्लीची परीक्षा पास झाला आणि परदेशी खात्यात लागला. पुढची तीस वर्षं त्याची नोकरी मी पाकिटांवरच्या तिकिटांवरून ओळखली. कधी उंटाचं तिकीट, कधी बर्फाच्या डोंगराचं. पहिल्यांदा कुठल्याशा वाळवंटात लोकांच्या कागदांवर शिक्के मारत होता. मग वर चढत गेला आणि शेवटी राजदूत झाला. शेजारी विचारायचे, पोरगा करतो काय? मी सांगायची, मोठ्या हापिसात हाय. त्याच्या पुढचं मलाच ठाऊक नव्हतं.

एकदा सुट्टीला आला तेव्हा विचारलं, "दिवसभर करतोस तरी काय रं?"

"बोलतो."

"आणि?"

"दुसरी बोलत्यात ते ऐकतो."

मी म्हटलं, एवढ्यासाठी सरकारनं तुला मोटार दिली? तो हसला. मी हसले नव्हते, मी खरंच विचारलं होतं.

तो दर वर्षी बोलवायचा. मी जात नव्हते. आधी म्हैस होती, मग ह्यांचं दुखणं निघालं. हे गेल्यावर कारण उरलं नाही. सूनबाई नातीच्या बारावीसाठी दिल्लीला राहिली होती, शिवा एकटाच होता. एक ढेप गूळ, दोन शेर शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ बांधून घेतलं आणि निघाले. विमानाचं लिहीत नाही. बसले, उतरले, पाय सुजले.

बंगला आणि बाजार

विमानतळावर शिवाचा ड्रायव्हर आला होता, सॅम्युएल. उंच, केस पिकलेले. तेरा वर्षं आपल्या साहेबांची गाडी चालवून त्याला हिंदी येत होतं, माझ्यापेक्षा बरं. त्यानं मागचं दार उघडलं. मी पुढं त्याच्या शेजारी जाऊन बसले. आमच्याकडं माणसं कोंबून भरणाऱ्या वडापच्या जीपमध्ये म्हाताऱ्या माणसाला पुढंच बसवतात, मागं धक्के बसतात. सॅम्युएल म्हणाला, माताजी, राजदूत के घरवाले पीछे बैठते हैं. मी म्हटलं, हमको आगे का दिखता है. तीन महिने मी पुढंच बसले. झेंड्याच्या गाडीत पुढं बसलेली म्हातारी बघून चौकातला पोलीस आधी मला सलाम करायचा.

माती पाहून बरं वाटलं. मलकापूरच्या पुढं घाटाकडं जाताना लागते तशी तांबडी. झाडं मात्र अंगावर येतील एवढी. बायका लांब मुसळांनी उखळात एक कंद कांडायच्या, रताळ्याचा थोरला भाऊ म्हणावा असा. त्याचा गोळा करून आंबट कालवणात बुडवून गिळतात, चावत नाहीत. मी चावला, म्हणून मला हसल्या. मिरची तिथली एवढी जहाल की आमची संकेश्वरी तिच्यापुढं पोरखेळ. शेंगा भरपूर पिकतात, पण चटणी कोणाला माहीत नाही. कच्च्या केळ्याचे तळलेले काप फार चांगले. आपल्याकडं तसे होत नाहीत, मी परत येऊन करून बघितले.

बाजारात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी चालले तर पाय भाजत होते. सॅम्युएल रस्त्यात मांडी घालून बसला, खिशातून तार काढली आणि अंगठा शिवून दिला. राजदूताच्या गाडीचा ड्रायव्हर, पांढरा गणवेश, भर बाजारात. ती चप्पल अजून माझ्याकडं आहे, तारेसकट.

शिवाचं काम मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. घरी मोठं जेवण ठेवलं होतं. दुसऱ्या देशांचे राजदूत, तिथले मंत्री. मी खुर्ची घेऊन कोपऱ्यात बसले. दोन मंत्री एकमेकांकडं पाठ करून उभे होते, महिनाभर बोलले नव्हते म्हणे. शिवा गड्याच्या कानात काही सांगून गेला. हळूहळू दिवाणखान्यातले पंखे एकामागून एक बंद झाले. एकच चालू राहिला, मोठ्या कोचावरचा. तिथली उकाड्याची हवा. थोड्या वेळानं दोघे मंत्री घाम पुसत एकाच कोचावर येऊन बसले. शिवा सबंध रात्रीत एक पेला लिंबू सरबत प्यायला आणि दोघांच्या मधे कुठं दिसलासुद्धा नाही. हे पाहून मला सासऱ्याची, नवऱ्याची बैठक आठवली. तरी मनात म्हटलं, पंखे बंद करायला एवढं शिकावं लागतं होय.

ताप

दुसऱ्या महिन्यात मला हिवताप आला. दात वाजत होते, पलंग हलत होता. शिवा राजधानीबाहेर गेला होता. सॅम्युएलनं त्याची बायको ग्रेस हिला आणून माझ्याजवळ बसवलं. ती आठ दिवस घरी गेली नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसायची, गोळ्या द्यायची, रात्री पायाशी झोपायची. माझ्या भाषेतला एक शब्द तिला येत नव्हता. मला मामा म्हणायची, त्यांच्यात आईला तसं म्हणतात. मी म्हटलं, आमच्यात मामाला मिशा असतात. सॅम्युएलनं ते तिला सांगितलं तेव्हा ती तोंडावर हात ठेवून हसली.

मी उठून बसले त्या दिवशी ती पाणी प्यायच्या आधी दोन थेंब जमिनीवर टाकताना दिसली. सॅम्युएल म्हणाला, गेलेल्या माणसांचं पाणी, आईनं शिकवलेलं. त्यांच्या गावात दारात आलेल्याला आधी पाणी देतात, मग खुशाली विचारतात. मी म्हटलं, मग आपलं गाव एकच. तिला गूळ खायला दिला. तिनं डोळे मिटले आणि उरलेला अर्धा खडा मुलींसाठी अंगावरच्या कापडाच्या टोकात बांधला. दोन मुली होत्या तिला.

मी वाचले ती ग्रेसमुळं. डॉक्टर दोनदा आला, ग्रेस आठ दिवस होती. हे मी कुणाच्या भिडेनं सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगते.

फाटक

मग तिथं बंदुका सुरू झाल्या. राष्ट्राध्यक्ष पळून गेला. त्याच्या जमातीच्या माणसांना बंडखोर घराघरांतून ओढून काढायला लागले. सॅम्युएल त्याच जमातीचा.

आपली माणसं शिवाच्या बंगल्यात यायला लागली. दुकानदार, मास्तर, बायकापोरं. त्यांत शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरणारा बाजीराव होता, तिथल्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला गेलेला. माझं बोलणं ऐकून तो ताडकन उठला.

"मावशी, तुमी आपल्याकडच्या?"

"हातकणंगले."

"मग मेलो तरी हरकत न्हाय, गावाकडचं माणूस बघितलं."

"मरायचं नंतर बघू," मी म्हटलं, "आधी तांदूळ निवडायला बस."

तांदूळ निवडता निवडता त्यानं सांगितलं ते मला शिवानं कधी सांगितलं नव्हतं. कारखान्याच्या मालकानं सगळ्यांचे पासपोर्ट कपाटात कुलूप लावून ठेवले होते. शिवा स्वतः जाऊन त्याच्या समोर बसला. तीन दिवस रोज गेला. आरडाओरडा नाही, धमकी नाही, नुसता जाऊन बसायचा आणि बोलायचा. चौथ्या दिवशी मालकानं कपाट उघडलं. बाजीराव म्हणाला, "कटाळला वो मालक. सायेब उठंचना." मी तांदळातला खडा बाजूला टाकला. तीस वर्षं ज्याला नुसतं बोलणं म्हणत होते ते हे होतं.

सॅम्युएलला शिवानं जनरेटरच्या खोलीत ठेवलं. ग्रेस आणि मुली स्वैपाकघरामागच्या कोठीत, तांदळाच्या पोत्यांमागं. आपल्या माणसांना कायद्याचा आसरा होता. सॅम्युएल त्या देशाचा माणूस, त्याला तो नव्हता. त्याला ठेवून घ्यायचं शिवानं ठरवलं. मला विचारलं नाही, विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. सात माणसं उतरली. म्होरक्या चाळिशीचा, अंगात फाटका लष्करी डगला, पायांत रबरी सपाता. त्यांना सॅम्युएल हवा होता. शिवा गजांच्या आत उभा राहिला आणि बोलायला लागला. मी स्वैपाकघराच्या खिडकीतून बघत होते. अर्धा तास झाला, तास झाला. ऊन डोक्यावर आलं. कोठीत ग्रेसनं धाकटीच्या तोंडावर हात धरला होता.

आता माझ्या चुकीचं सांगते. माझ्या डोक्यात एवढंच आलं की दारात माणसं येऊन तास झाला आणि पाणी कोणी विचारलं नाही. शिवा शिकला खरा, पण घरचं विसरला, असं मनात आलं. शत्रू, मित्र, बंदूक, हे काही मनात आलं नाही. साठ वर्षांची सवय हातांत होती, डोक्यानं विचारलंच नाही. ताट भरलं, सात पेले त्यांचे, एक शिवाचा, आणि चालायला लागले. फाटकातल्या लहान दारापाशी पहारेकरी होता. राजदूताची आई ताट घेऊन येतेय म्हटल्यावर साहेबांनीच सांगितलं असेल असं त्याला वाटलं. त्यानं कडी काढली. मी बाहेर.

सुरुवातीला सांगितलं ते इथलं. बंदूक डबीवर, शिवा मागून आत ये म्हणतोय, आणि एक जण गुळाकडं बोट करून ओरडतोय. त्यानं गूळ कधी पाहिला नव्हता. विष वाटलं असेल. मी ताट एका हातावर पेललं, एक खडा तोंडात टाकला आणि चावला. माझे दात तेव्हा नऊ होते, वेळ लागला. सगळे माझं तोंड हलताना बघत राहिले.

मग म्होरक्याला म्हटलं, "पावणं, ते नळकांडं बाजूला घ्या. आधी पाणी प्या. तासभर उन्हात उभं हायसा."

भाषा त्याला कळली नाही. ताट कळलं. त्यानं बंदूक खांद्याला अडकवली, पेला उचलला, आणि पिण्याआधी दोन थेंब जमिनीवर टाकले. ग्रेस टाकायची तसे. मग सगळा पेला एका दमात प्यायला. बाकीचे सहा त्याच्यामागून. गूळ मात्र दोघांनीच खाल्ला.

पेला ताटात ठेवून त्यानं मला इंग्रजीत काही विचारलं. मी शिवाकडं बघितलं.

शिवा म्हणाला, "अव्वा, त्यो इचारतोय सॅम्युएल आत हाय का. मी तासभर व्हय बी म्हटलं न्हाय आणि न्हाय बी म्हटलं न्हाय."

मी खोटं बोलत नाही. आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मला सोयरिकीच्या बैठकीला कोणी बोलवत नाही. आणि खरं बोलले तर ग्रेस विधवा होणार. तिनं माझं अंग पुसलं होतं. म्होरक्या माझ्याकडंच बघत होता, शिवाकडं नाही. शिवावर त्याचा विश्वास नव्हता, साहेब माणूस फिरवून बोलतो हे त्याला तासाभरात कळलं होतं. म्हातारी खरं सांगेल असं त्यानं धरलं होतं, आणि त्याचं बरोबर होतं.

मी म्हटलं, "त्येला सांग, पाणी पिलेल्या पावण्यानं घरात कोण कोण हाय ते इचारू ने. आमच्यात रीत न्हाय. तुमच्यात असली तर तुमी सांगा."

शिवानं सांगितलं. मी दोन ओळी बोलले होते, तो बराच वेळ बोलला. नंतर मी विचारलं, काय काय घातलंस? म्हणाला, तुझंच, फक्त जरा हळू.

म्होरक्या जमिनीकडं बघत राहिला. पाणी टाकलेली जागा तेवढ्यात सुकलीही होती. मग तो एवढंच म्हणाला, आणि ते मलाही कळलं. मान हलवून, "नो. अवर साइड ऑल्सो, नो."

शिवानं तो क्षण सोडला नाही. कडी काढून तो स्वतः बाहेर आला, खुर्च्या मागवल्या, फाटकाबाहेर झाडाच्या सावलीत त्यांना बसवलं. चहा झाला. एकाचा पाय चिघळला होता, त्याला पट्टी बांधली. दोन तास बसले. शिवा त्यांचंच ऐकत होता, गावं, पाऊस, त्यांच्या आया. सॅम्युएलचं नाव पुन्हा निघालं नाही. मग बंदराकडून त्यांना बोलावणं आलं आणि ट्रक गेला.

शिवा स्वैपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. सदरा पिळून काढावा असा भिजला होता.

"अव्वा, ताट खाली ठेव की." मी अजून ताट धरूनच उभी होते. "बंदराकडं लढाई पेटली हुती, तिकडनं त्यास्नी बोलावणं येणार हे मला ठावं हुतं. तेवढा वेळ काढत हुतो. तू भाईर आलीस तवा वाटलं, संपलं."

"मला सांगायचं न्हाईस?"

"तू इचारलं न्हाईस."

चूक माझी होती. शिवा आणखी तासभर बोलत राहिला असता तर कदाचित ते तसेच गेले असते, कदाचित फाटक तोडलं असतं. माझ्यामुळं काम झालं असं बाजीराव गावभर सांगतो. मी सांगत नाही. मी पाणी दिलं. त्यांना खुर्चीत दोन तास बसवून ठेवलं शिवानं. त्याच्या वडिलांना तेवढं जमलं नसतं.

नदीपलीकडं

आठव्या दिवशी आम्ही निघालो. मागं दोन बसगाड्या, पुढं झेंड्याची गाडी. ती शिवानं स्वतः चालवली. मी पुढं. मागं सॅम्युएल, ग्रेस आणि मुली, अंगावरून माझी दोन लुगडी पांघरलेली. तेरा वर्षांत सॅम्युएल त्या गाडीत मागं पहिल्यांदाच बसला. चाळीस मैल त्याचा पाय खाली ब्रेक शोधत होता. दोनदा त्यानं शिवाला हळू घ्या म्हणून सांगितलं. तीन ठिकाणी गाडी अडवली. तिन्ही ठिकाणी शिवा उतरला आणि बोलला. आता मी काच वर करून गप्प बसले.

नदी तराफ्यानं ओलांडली. पलीकडच्या देशात उतरल्यावर ग्रेसनं ओंजळीत नदीचं पाणी घेतलं, दोन थेंब खाली टाकले आणि उरलेलं मला पाजलं. नदीचं पाणी न उकळता पिऊ नको असं शिवा तीन महिने सांगत होता. मी प्यायले.

त्यानंतर शिवानं अजून दोन देशांत काम केलं आणि निवृत्त झाला. आता संध्याकाळी माझ्याशेजारी कट्ट्यावर बसतो. गल्लीतली भांडणं त्याच्याकडं येतात, पाणी मी देते. सॅम्युएल नदीपलीकडंच राहिला, तिथं शाळेची गाडी चालवतो. थोरल्या मुलीचं लग्न झाल्याचं पत्र आलं, त्यात फोटो होता.

त्या सकाळी फाटकाच्या आत त्रेचाळीस माणसं होती, तेवढी सगळी नदी ओलांडून आली. पाणी पिऊन गेलेल्या सातांचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. सॅम्युएलचा भाऊ शहराबाहेर राहायचा. त्याच दुपारी त्याच्या घरी कोणीतरी गेलं. कोण गेलं ते कळलं नाही. तो जगला नाही. बाजीराव जगला. सॅम्युएल जगला, ग्रेस जगली, दोन्ही मुली जगल्या.